पट्ट्यावरची पावलं

मंगरुळे घराण्यातली बाई सातवा महिना लागला की बाळंत होईपर्यंत उंबरा ओलांडत नाही. चार पिढ्यांचा हा नियम एकदाही मोडलेला नाही, असं हेमावती येणाऱ्याजाणाऱ्याला गंभीरपणे सांगत असे. त्यात अडचणी दोनच होत्या. तिच्या सासूने हेमावतीच्या नवऱ्याला, शिवयोगींना, अक्कलकोटच्या आठवडी बाजारात, मेथीच्या पेंढ्या विकायला बसलेली असताना जन्म दिला होता. आणि जुळे सोलापूर या वसाहतीतल्या ज्या फ्लॅटमध्ये हा नियम सध्या लागू होता, त्याला बिल्डरने उंबराच दिलेला नव्हता. फरशी दारातून सरळ जिन्यात जात होती.

त्या नसलेल्या उंबऱ्यावरून हेमावतीची सून रेश्मा गेले सहा आठवडे रोज सकाळी सव्वासहाला बाहेर पडत होती आणि सव्वासातला परत येत होती. सोबत तेरा वर्षांची संस्कृती. आई म्हणे फिरायला जाते, लेक म्हणे गणिताच्या क्लासला. दोघी एकत्र निघत, एकत्र परतत. हेमावतीला यात पहिल्या दिवशी काही वाटलं नाही, दुसऱ्या दिवशी वाटलं, आणि तिसऱ्या दिवसापासून तिने पुरावे जमवायला सुरुवात केली.

पुरावे असे. रेश्मासाठी केलेले शेंगाचे लाडू तिच्या पोटाच्या मानाने फार लवकर संपत होते. संस्कृतीच्या बुटांत तांबडी माती सापडत होती, आणि गणितात माती नसते एवढं हेमावतीला चौथी पास असूनही ठाऊक होतं. शिवाय डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी. रेश्मा म्हणत होती की त्यात रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. हेमावतीने ती चिठ्ठी पदराखाली धरून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात नेली आणि खरं काय लिहिलंय ते विचारलं. दुकानदाराने चष्मा वर केला, खाली केला, आणि सांगितलं की हे एकतर चालणं आहे नाहीतर लोहाच्या गोळ्या. आपल्याकडे दोन्हींपैकी गोळ्या मिळतील.

आज रविवार होता आणि रेश्माचा कुबसा होता. माहेरून आलेलं पातळ नेसवून, चोळी घालून लेकीची ओटी भरायची, एवढाच हा कार्यक्रम. पण त्यासाठी रेश्माची आई मथुराबाई कालच जेऊरहून रेल्वेने येऊन ठेपली होती, सोबत ज्वारीचं अर्धं पोतं घेऊन. अकरा वाजता शेजारणी येणार. आणि सात वाजून गेले तरी उत्सवमूर्ती घरात नव्हती.

हेमावती स्वयंपाकघरात जमिनीवर शेगडी मांडून कडक भाकरी थापत होती. कोरोनाच्या सालापासून ती दोन दुकानांना रोज पन्नास भाकरी देत असे. कागदासारखी पातळ, ताटात ठेवली तर वाजेल अशी. हाताला काम होतं, डोळे दाराकडे होते.

"विहीणबाई," ती म्हणाली, "तुमची लेक आज तरी घरात थांबायची."

"येईल की," मथुराबाई पिठाचा गोळा तिच्याकडे सरकवत म्हणाली. "फिराया गेलीय न्हवं."

"फिरायला. सातव्यात."

"मी तर नवव्यात शेंगा उपटत हुते. रेश्मी बांधावरच झाली असती, तिच्या बापानं गाडी जुपली म्हून घरात झाली."

विहिणीची साथ मिळेल ही आशा हेमावतीने त्या भाकरीसोबत तव्यावर टाकली.

खरी गोष्ट या घरात कुणी बोलत नसे. तीन वर्षांपूर्वी रेश्माला दिवस गेले होते, आणि तिसऱ्या महिन्यात ते गेलं. त्याला नाव नव्हतं. घरात त्याला 'ते' म्हणत. 'ते' व्हायच्या तीन दिवस आधी हेमावतीनेच रेश्माला अक्कलकोटला दर्शनाला पाठवलं होतं, मुलाच्या, विरुपाक्षच्या, स्कूटरवर मागे बसवून. रस्त्याचं काम चालू होतं. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की याचा स्कूटरशी काही संबंध नाही, असं कुणाचंही होतं, कुणाचा दोष नसतो. ज्या बाईने आपल्याला इतक्या सहज निर्दोष सोडलं, तिच्यावर हेमावतीचा तेव्हापासून विश्वास नव्हता.

सव्वासातला दोघी आल्या. रेश्मा आधी, पोटावर हात, चेहरा घामाने चमकणारा. मागे संस्कृती, दप्तर पोटाशी धरून. ती गुडघा लपवत चालत होती. गुडघा लपवून चालणारं माणूस फार ठळक दिसतं.

"क्लास झाला?" हेमावतीने विचारलं.

"झाला, अज्जी."

"रविवारी."

"जादा तास होता."

"कशाचा?"

"त्रिकोणाचा," संस्कृती म्हणाली.

"मग गुडघा का फुटला?"

संस्कृतीने आईकडे पाहिलं. रेश्माने छताकडे पाहिलं. हेमावतीने परात बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि हाक मारली, "विरुपाक्षा, बाहेर ये. तुझ्या वडिलांनाही बोलव. अकरा वाजायच्या आत एक निकाल लागू दे."

हॉलमध्ये सगळे बसले. विरुपाक्ष टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसात होता आणि घरातही ऑफिसात असल्यासारखाच बसे: दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या, कुठल्याच कागदावर सही करायची नाही. शिवयोगी नुकतेच तलावावरून फिरून आले होते. तोंड पुसून आले होते, तरी मिशीला काहीतरी तेलकट होतं.

"आधी सांगा," हेमावती म्हणाली, "ही पोरगी कुठं जाते?"

शेवटी रेश्माच बोलली.

"मैदानावर जाते, आत्याबाई. कॉलनीच्या मागच्या. खो-खो खेळते."

हेमावतीला धक्का बसायला हवा होता. पण ज्याचा आपल्याला आधीच संशय होता ते खरं निघालं, याचं समाधान जरा जास्तच झालं. जूनमध्ये संस्कृती मोठी झाली, तेव्हा खो-खो बंद, असं तिनेच ठरवलं होतं. तेव्हा रेश्मा मान खाली घालून 'बरं' म्हणाली होती. त्या 'बरं'वर तिला त्याच दिवशी शंका यायला हवी होती.

"आणि तू?"

"मी मैदानाला चार फेऱ्या मारते. हळू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलत बोलत चालता आलं पाहिजे, धाप लागली की बसायचं. एकटीनं जायचं नाही म्हणाल्या. म्हणून हिला नेते."

"आणि ही तुझ्याशी बोलायचं सोडून पळत असते."

"ती पळते, मी तिच्याशी बोलते," रेश्मा म्हणाली. "तिलाही सांगितलंय बाईंनी. या वयात रोज तासभर पळापळ पाहिजे. हाडं आत्ताच भरतात."

"हाडं घरात भरत नाहीत का? मथुराबाई, तुम्हीच सांगा. पोरगी मोठी झाली. मैदानात उड्या मारत फिरायची का?"

मथुराबाईने जरा विचार केला. "त्ये मातर खरंय," ती म्हणाली. "गरवारशीनं चालावं. पण पोरीनं आता जरा दमानं घ्यावं. लोकं बगत्यात."

"आई," रेश्मा म्हणाली.

"आगं, मी काय खोटं बोलतीय? तुजं चालणं येगळं, तिचं पळणं येगळं."

एका मिनिटात एक विहीण अर्धी आपल्या बाजूला आली, हे हेमावतीने टिपलं. आता नवरा. "तुम्ही बोला की. रोज तलावावर जाता. काही कानावर आलं नाही?"

"मी?" शिवयोगी म्हणाले. "माझा काय संबंध. मी आपला तलावाला दोन चक्कर..."

"अज्जा रोज आमच्या मैदानासमोर भजी खातात," संस्कृती म्हणाली.

हे तिने रागाने म्हटलं नव्हतं. एकटं बुडण्याची तिला भीती वाटत होती, इतकंच.

"भजी," हेमावती म्हणाली.

"एक प्लेट," शिवयोगी म्हणाले. "कधीतरी."

"साखर दोनशे सत्तर असताना."

"मैदानापर्यंत चालत जातो ना. मग ती जिरते."

"म्हणजे तुम्हाला सहा आठवडे माहीत होतं."

"ती माझ्या भज्यांचं बोलायची नाही, मी तिच्या खो-खोचं बोलायचो नाही," शिवयोगींनी नातीकडे दुःखाने पाहिलं. "शब्द दिला होता तिनं."

हेमावतीला आपल्याच घरात भाडेकरू असल्यासारखं वाटलं. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि जिला माहीत नव्हतं तीच रोज सगळ्यांना जेवू घालत होती. पण तिच्याकडे शेवटचा पुरावा होता. तो तिच्या मनगटावर होता.

दोन महिन्यांपूर्वी विरुपाक्षच्या कारखान्याच्या मालकांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मालकांना एकट्याने चालायचा कंटाळा, म्हणून त्यांनी सगळ्या कामगारांच्या घरच्यांना चालायला लावलं. गेटवर फलक लागला: 'गर्भवती माता ते किशोरवयीन मुले, हलका व्यायाम, निरोगी कुटुंब.' प्रत्येक घराला पावलं मोजणारे दोन पट्टे मिळाले. हातात बांधायचे, आकडा मोबाईलवर दिसायचा. मंगरुळ्यांकडे एक शिवयोगींना मिळाला आणि एक हेमावतीला. शिवयोगींची पावलं दिवसाला नऊशेच्या वर जात नव्हती. पट्ट्याला आपलं चालणं कळत नाही, असं ते म्हणत. हेमावतीची सात हजार भरत. रोज. दोन महिने. कारखान्यातल्या एकशे ऐंशी घरांत तिच्या एवढं कुणी चालत नव्हतं. येत्या पंधरा तारखेला मालकांच्या हस्ते तिला शाल नि श्रीफळ मिळणार होतं.

"हे बघा," तिने मनगट पुढे केलं. "मी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. भाजी दारात येते, दूध दारात येतं. तरी सात हजार पावलं. घरातल्या घरात. एकसष्टाव्या वर्षी मला जमतं, तर हिला काय जड आहे? चालायचं तर हॉलमध्ये चाल. स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते स्वयंपाकघर. पडायची भीती नाही, लोकांची नजर नाही. पोरीनंही दोरीवरच्या उड्या माराव्यात, दार लावून. बास. उद्यापासून दोघी घरात."

आकडा आकडा असतो. संस्कृतीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या महिन्यात तिचे जिल्ह्याचे सामने होते, आणि संघात पोल, म्हणजे टोकाचा खांब, धरून वळायचं काम नव्याने तिच्याकडे आलं होतं. विरुपाक्षने घसा खाकरला.

"आईचं म्हणणं तसं आकड्यांवर आहे," तो म्हणाला, आणि हा त्याने आयुष्यात घेतलेला पहिला पक्ष होता. शालीचा दिवस जवळ आला होता. "आजचंच बघा ना. आत्ता साडेसात वाजलेत आणि," त्याने मोबाईल काढला, "चार हजार दोनशे झालीत."

"कितीऽ?" मथुराबाईने विचारलं.

"चार हजार दोनशे पावलं. सकाळपासून."

मथुराबाई विहिणीकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "विहीणबाई, तुमी तर पाटावरनं उटलाच न्हाईत की."

"म्हणजे?"

"म्या पाचपास्नं तुमच्या शेजारी बसलीय. पीठ मी दिलं, पाणी मी दिलं, भाकरी मी मोजल्या. पस्तीस झाल्या. तुमी एकदाबी उटला न्हाईत. मग ही चार हजार कुनी चालली?"

हेमावतीच्या मनात पहिली शंका मोबाईलवर आली, दुसरी विरुपाक्षवर, तिसरी मथुराबाईवर. जेऊरची माणसं पहिल्यापासून जास्त मोजतात. चौथी कुणावर घ्यावी हे तिला कळेना.

संस्कृती उठली. स्वयंपाकघरातून परात आणि पिठाचा एक गोळा घेऊन आली, आणि हॉलच्या मधोमध अज्जीपुढे ठेवला. "थापा," ती म्हणाली. "एकच."

"मी नाही थापत."

"थाप की," शिवयोगी म्हणाले. भज्यांचा विषय मागे पडतोय, याचा त्यांना उत्साह आला होता.

हेमावतीने भाकरी थापली. उजवा हात परातीत पडत होता, भाकरी फिरत होती, पातळ होत होती. विरुपाक्ष मोबाईल धरून बसला होता. बाकीचे त्याच्या खांद्यावरून बघत होते. भाकरी झाली. तव्याशिवायच झाली.

"किती?" रेश्माने हळूच विचारलं.

"चार हजार तीनशे वीस," विरुपाक्ष म्हणाला. मोबाईल त्याने उपडा ठेवला. "एकशे वीस वाढली."

"पस्तीस गुणिले एकशे वीस," संस्कृती म्हणाली. तिने क्षणभर डोळे मिटले. "बेचाळीसशे. बरोब्बर." क्लास नसला तरी गणित तिचं चांगलं होतं.

"म्हणजे माझ्या पट्ट्याला माझं चालणं कळतं," शिवयोगी स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांचा उत्साह गेला.

"हे बाहेर कुठं बोलायचं नाही," विरुपाक्ष म्हणाला. "पंधरा तारखेपर्यंत तरी."

कुणी हसलं नाही. मथुराबाईला हसू येत होतं. तिने ते पदरात धरलं. हेमावतीने परात उचलली आणि आत गेली. मागून शिवयोगी म्हणाले, "अगं, भाकरी तरी भाज ती," तर ती आतूनच म्हणाली, "साकु," म्हणजे पुरे झालं. तिला राग आला की कानडी येई.

ती शेगडीपुढे बसली. पन्नासातल्या पंधरा राहिल्या होत्या. एक थापलेली होती. थोड्या वेळाने रेश्मा भिंतीला धरून आली आणि समोरच्या पाटावर जपून टेकली.

"बसू नको खाली. उठता येत नाही मग."

"येतं. बाईंनी शिकवलंय. आधी कुशीवर, मग हात टेकून."

"बाईंनी." हेमावती भाकरीकडे बघत म्हणाली. "त्या बाई सगळ्यांनाच सगळं बरं आहे म्हणून सांगतात."

रेश्मा म्हणाली, "आत्याबाई, मी घरात बसले ना, की दिवसभर पोटाकडं बघत बसते. हललं का, किती वेळ झाला, का हलेना. दुपारपर्यंत डोकं फिरायची वेळ येते. तिथं गेलं की पोरगी पळते, पडते, ओरडते. तेवढा वेळ मला दुसरं काही सुचत नाही. तो एक तास मला सोडा."

हेमावतीचा हात थांबला.

"आणि ते," रेश्मा म्हणाली, आणि या घरात तीन वर्षांत पहिल्यांदा तिने तो शब्द हेमावतीच्या समोर उच्चारला, "ते स्कूटरमुळं नव्हतं. मी पण विचारलं होतं बाईंना. दोनदा."

"दोनदा का?"

"पहिल्यांदा माझाही विश्वास बसला नाही."

बाहेर शेजारणींच्या बांगड्या वाजायला लागल्या होत्या. अकराच्या कार्यक्रमाला कुणीतरी आठलाच आलं होतं, काय चाललंय ते बघायला. हेमावतीने पिठाचा गोळा घेतला, ठेवला. सुनेच्या पायांकडे पाहिलं. जाडजूड, सुजलेले पाय, त्यात रबरी स्लिपर.

"या घालून फिरतेस?"

"हो."

"वेडी आहेस का? मैदानात दगड असतात. संस्कृतीचे जुने बूट घाल. नाडी तिला बांधायला सांग, वाकू नको." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तिला म्हणावं, गुडघ्याला आधी हळद. मग काय ते खेळायचं."

रेश्मा कुशीवर वळली, हात टेकला आणि उठली. बाईंनी शिकवलं होतं तसंच. हेमावतीने ते नीट पाहून घेतलं, पुढे कधी खोटं ठरवायला उपयोगी पडेल म्हणून.

कुबसा छान झाला. मथुराबाईने आणलेलं पोपटी पातळ रेश्माला शोभलं. शेजारणींनी हेमावतीला पट्ट्याबद्दल विचारलं, तर ती म्हणाली की तो सध्या चार्जिंगला आहे.

पण सवयीचा संशय एका रविवारात जात नाही. सोमवारी पहाटे तिने दुकानांच्या पन्नास परतल्यावर करायच्या ठेवून घरापुरत्या आठ भाकरी थापल्या, पट्टा हातात तसाच, आणि जाहीर केलं की आज ती स्वतः मैदानावर येणार आहे. खरंच चार फेऱ्या होतात का, का दोघी मिळून भजी खातात, ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मैदान लांब पडतं म्हणून विरुपाक्षने तिला स्कूटरवरून सोडलं. रेश्मा चालत गेली.

तिथे खरंच पोरी पळत होत्या. संस्कृती पोल धरून वळली आणि सरळ धुळीत गेली, उठली, पुन्हा वळली. रेश्मा कडेकडेने बूट घालून चालत होती, पोरीला ओरडून काहीतरी सांगत होती, आणि तिला धाप लागलेली नव्हती. हेमावती तिच्या मागे दहा पावलांवर, तिला कळू नये अशा बेताने चालू लागली. काही वेळाने ती भज्यांच्या गाड्यासमोरच्या बाकावर शिवयोगींशेजारी येऊन बसली, आणि म्हणाली की एक फेरी झाली, आता उद्यापासून ती पण रोज येणार, कुणीतरी लक्ष ठेवायला नको का.

संध्याकाळी विरुपाक्षने मोबाईल बघितला. ती मैदानावरून उठली तोपर्यंतची पावलं अकराशे नव्वद होती. आठ भाकरींची नऊशे साठ वजा केली, तर उरली दोनशे तीस. मैदानाची एक फेरी चारशे पावलांची आहे.